विश्लेषण : अंगणातला जुना क्रोटन वारसा कसा ठरतो आणि उन्हाळ्यात तो टिकवायचा कसा?

फूल लक्षात राहत नाही, फळ खाता येत नाही, वासही नाही. तरीही कुंपणाला, तुळशीच्या बाजूला, शाळेच्या फाटकाशी लाल-पिवळ्या पानांचे हे झाड हमखास दिसते. मराठीत ते क्रोटन, बंगालीत पाताबाहार. गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेरा तालुक्यात ही दोन्ही नावे शेजारी शेजारी नांदतात. नर्सरीत नवी रोपे सहज मिळत असताना अंगणातल्या जुन्या झाडाचे एवढे काय, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर या झाडाची रोपे कशी तयार होतात, यात आहे.

पाताबाहार म्हणजे नेमके कोणते झाड?

‘पाता’ म्हणजे पान आणि ‘बाहार’ म्हणजे शोभा. मराठीतला ‘बहर’ही त्याच फारसी घराण्यातला. बंगालीत हे नाव रंगीत पानांच्या शोभेच्या झाडांना सैलपणे लावले जाते, पण पहिला मान क्रोटनचा. क्रोटन हे बागेतले नाव वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे आहे. खरा ‘क्रोटन’ म्हणजे आपला जमालगोटा ज्या गटात येतो तो. बागेतल्या झाडाचे शास्त्रीय नाव कोडिएम व्हेरिगेटम. दोघेही एरंडाच्या कुळातले, एवढेच नाते. लिनियसने १७५३ मध्ये बागेतल्या झाडालाही क्रोटनमध्येच बसवले होते. पुढे शास्त्रज्ञांनी ते वेगळे काढले, बागवानांनी मात्र जुनेच नाव धरून ठेवले.

याचे मूळ घर इंडोनेशियाच्या मोलुक्का बेटांपासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंतचे. १७व्या शतकात अंबोन बेटावर राहून तिथल्या वनस्पतींची नोंद करणाऱ्या रुम्फियसने त्याचे वर्णन केले आहे. म्हणजे उष्ण, दमट हवेतले हे झाड. मुलचेऱ्याचा पावसाळा त्याला मानवतो, मे महिना सोसत नाही. ही अडचण पुढे सविस्तर पाहू.

जुन्या वाणाला वारसा का म्हणायचे?

धानाचा किंवा वांग्याचा जुना वाण टिकवायचा तर बी राखून ठेवता येते. शासकीय बियाणे पेढीत ते थंड खोलीत वर्षानुवर्षे राहते. क्रोटनचे तसे नाही. त्याच्या बीपासून उगवलेले रोप आईसारखे निघेलच असे नाही. पान अरुंद येईल, रंग बदलेल, नागमोडी कड नाहीशी होईल. आईसारखेच झाड हवे असेल तर फांदीच लावावी लागते. फांदीपासून झालेले झाड हे त्या झाडाचे पिल्लू नसते, ते तेच झाड असते. आजीच्या अंगणातली काडी मावशीकडे गेली, मावशीकडून शेजारणीकडे गेली, तरी सगळीकडे एकच झाड वाढत असते.

म्हणूनच एखाद्या जुन्या वाणाची शेवटची चार झाडे एका उन्हाळ्यात जळाली किंवा घर बांधताना उखडली गेली, तर तो वाण कायमचा संपतो. बियांची पेढी इथे कामाची नाही. पेढी म्हणजे लोकांची अंगणेच.

याला एक गमतीचा अपवाद आहे. क्रोटनच्या एखाद्या फांदीवर अचानक वेगळ्या रंगाची किंवा आकाराची पाने येतात. कोंबाच्या पेशींत झालेला हा बदल त्या फांदीपुरता असतो. ती फांदी वेगळी लावली की नवा वाण हाती येतो. क्रोटनचे कित्येक वाण असेच मिळाले आहेत. उलटही घडते. रंगीत झाडाला मधूनच निव्वळ हिरवी फांदी फुटते. हिरव्या पानात हरितद्रव्य जास्त, त्यामुळे ती जोमाने वाढते आणि काही वर्षांत रंगीत भागाला मागे टाकते. अशी फांदी दिसताच बुडापासून काढावी. ‘आमच्या झाडाचा रंग उतरला’ या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते.

हे वाण जगभर पोहोचले कसे?

१८६०च्या दशकात इंग्लंडमध्ये रंगीत पानांचे वेड पसरले. लंडनच्या व्हीच नर्सरीचा जॉन गूल्ड व्हीच ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांवर जाऊन क्रोटन, ड्रसिना अशी पानांची झाडे घेऊन आला. आपल्याकडे कुंपणाला दिसणारा तांबड्या पानांचा अकॅलिफाही त्याच बेटांवरचा. श्रीमंतांनी या झाडांसाठी कोळशाने तापवलेली काचघरे बांधली. नव्या वाणांना राणी व्हिक्टोरिया, पंतप्रधान डिझरेली अशी नावे मिळाली.

पहिल्या महायुद्धात कोळसा आणि माळी दोन्ही दुर्मीळ झाले, काचघरे ओस पडली. व्हीच घराण्याचा लंडनमधला व्यवसाय १९१४ मध्येच बंद झाला होता. ज्या वाणांसाठी थंड देशात भट्टी पेटवावी लागत होती, ते उष्ण देशांत कुंपणाला उघड्यावर वाढत राहिले. यातले काही व्हिक्टोरियन वाण आजही पाहायला मिळतात, ते मुख्यतः उष्ण देशांतल्या बागांमुळे. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये हौशी लोकांची क्रोटन सोसायटीच आहे. तिथे जुन्या वाणांची नावे लावण्यावरून चांगलेच वाद होतात.

भारतात या झाडांचे मोठे केंद्र कोलकाता. तिथली अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी विल्यम कॅरे यांच्या पुढाकाराने १८२० मध्ये स्थापन झाली, हुगळीकाठचे वनस्पती उद्यान तर १७८७ चे. समुद्रमार्गे आलेले रोप आधी तिथे रुजायचे, मग जमीनदारांच्या बागेत आणि तिथून गावच्या अंगणात. आपल्याकडे हे काम मुंबईच्या राणीच्या बागेने आणि पुण्याच्या एम्प्रेस गार्डनने केले. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात गर्दी फुलांभोवती होत असली, तरी पानांच्या कुंड्यांपाशी थांबणारे जुने पुणेकर ओळखू येतात.

मुलचेऱ्याचा संबंध काय?

पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांचे १९६०च्या दशकापासून तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात पुनर्वसन झाले. गडचिरोली जिल्हा तेव्हा नव्हता, तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. आज मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत बंगाली बोलणारी मोठी वस्ती आहे. मराठी, गोंडी, तेलुगू आणि बंगाली या चार भाषा इथे एकाच बाजारात ऐकू येतात.

बंगालच्या ग्रामीण घराची रचना अंगणाभोवती असते. मधे सारवलेली जागा, तुळस, कडेला केळी आणि हद्दीवर पाताबाहार. गुरे-शेळ्या या पानाला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे ते कुंपणालाही बरे. इकडे झाडीपट्टीत घरामागच्या तुकड्याला सांदवाडी म्हणतात. तिच्यात वाल, भोपळा, मिरची असते आणि न्हाणीच्या पाण्यावर कर्दळ. या दोन पद्धती एकमेकींशेजारी आल्या की काड्यांची देवाणघेवाण होतेच. रोप विकत घ्यावे लागत नाही, मागितले की मिळते.

पण याच फुकटपणामुळे त्याची कोणी किंमत करत नाही. पक्क्या घराचे काम निघाले की आधी कुंपण जाते, मग अंगणात सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक पडतात. नंतर हौस म्हणून शहरातून दोन कुंड्या येतात, त्यात बहुधा एकाच प्रकारचे, रुंद पानांचे, मोठ्या नर्सऱ्यांनी लाखांनी वाढवलेले क्रोटन असते. ते वाईट आहे असे नाही. पण सगळ्या गावात एकच वाण उरला तर एक कीड किंवा एक कडक उन्हाळा पुरेसा असतो.

जुना वाण ओळखायचा कसा?

नावावर जाऊ नये. गावोगावी नावे वेगळी असतात आणि नर्सरीतल्या चिठ्ठ्यांवरही फार भरवसा नसतो. पान पाहावे. जुन्या वाणांत सर्वांत सहज ओळखू येणारा म्हणजे तुटक पानाचा. यात पान मधेच संपते, फक्त मधली शीर दोऱ्यासारखी पुढे जाते आणि टोकाला पुन्हा छोटे पान लोंबते. परदेशी पुस्तकांत त्याला ‘इंटरप्टम’ म्हणतात. दुसरा स्क्रूसारखा पीळ पडलेल्या पानाचा. तिसरा हिरव्या पानावर हळद शिंपडल्यासारखे पिवळे ठिपके असलेला. त्याच्या ‘ऑकुबिफोलियम’ या नावाने अनेकांची जीभ वळत नाही, त्यामुळे बाजारात तो ‘गोल्ड डस्ट’ झाला. लांब, रिबनसारख्या अरुंद पानाचे वाणही बहुधा जुनेच. असे झाड दिसले तर कोवळे पान, जून पान आणि पूर्ण झाड असे तीन फोटो घेऊन ठेवावेत. क्रोटनचे कोवळे पान हिरवे-पिवळे असते आणि जून झाल्यावर लाल होते, म्हणून एका फोटोवरून ओळख पटत नाही.

४५ अंशांत पान टिकवायचे कसे?

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडी असते आणि दुपारी झळा लागतात. क्रोटनला ऊन हवे, पण असे नव्हे. पूर्ण सावलीत ठेवला तर रंग येत नाही, पान हिरवेच राहते. त्यामुळे घराची पूर्व बाजू सर्वांत चांगली. सकाळी दहा-अकरापर्यंतचे ऊन मिळते आणि नंतर भिंतीची सावली. पश्चिमेच्या भिंतीलगत कुंडी ठेवणे म्हणजे तव्याशेजारी ठेवणे. भिंत सूर्यास्तानंतरही तापलेली असते. दुसरा पर्याय आंबा किंवा शेवग्याखालच्या विरळ सावलीचा. हिरवी जाळी लावायची तर झाडाच्या वर दोन-तीन फूट अंतर ठेवून लावावी, पानांना टेकवू नये.

जमिनीतले झाड कुंडीतल्यापेक्षा उन्हाळा सहज काढते, कारण मुळे खोल थंडाव्यात जातात. कुंडीच वापरायची असेल तर सिमेंटपेक्षा मातीची बरी. उन्हाळ्यात सगळ्या कुंड्या एकमेकींना चिकटवून सावलीत ठेवाव्यात, त्यामुळे मधल्या हवेत ओलावा टिकतो. पाणी पहाटे किंवा सूर्य मावळल्यानंतर द्यावे. बुडाशी धानाचे तणस किंवा पालापाचोळा चार बोटे जाड पसरावा, पण खोडापासून वीतभर दूर, नाहीतर वाळवी लागते. बरडी, मुरमाड जमिनीत पाणी थांबत नाही. तिथे दीड-दोन फुटांचा खड्डा घेऊन शेणखत आणि तळ्यातला गाळ मिसळून भरावा. बांधीच्या चिकट मातीत उलट अडचण असते. पावसाळ्यात मुळे कुजतात, म्हणून झाड थोड्या उंचवट्यावर लावावे.

मे महिन्यात खत देऊ नये. झाड तहानलेले असताना युरिया टाकला तर कोवळी पाने फुटतात आणि झळीत करपतात. खताची वेळ जून आणि पुन्हा पाऊस ओसरताना. नत्र जास्त झाले तर पान हिरवट होते, तेव्हा शेणखत किंवा गांडूळखत पुरे.

कोरड्या हवेत लाल कोळी पानाच्या खालच्या बाजूला बसतो. पान निस्तेज होते, बारीक जाळे दिसते. औषधाआधी पानाच्या खालून जोरात पाणी मारून पाहावे, दोन-तीन वेळा केले तर पुष्कळदा तेवढ्यावर भागते. पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावा आणि संध्याकाळी निंबोळी तेल फवारावे. दिवसा उन्हात तेल फवारले तर पान भाजते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांजवळ गेला की खालची पाने गळतात. जागा बदलली तरी गळतात. घाबरून पाणी वाढवण्याची गरज नसते.

काडी लावावी की गुटी बांधावी?

वाण वाचवायचा असेल तर गुटी. काडी सोपी, पण नक्की जगेल असे नाही. एकच झाड उरले असताना धोका का घ्यावा? गुटी कलमासाठी जूनअखेर ते ऑगस्ट हा काळ चांगला. पेन्सिलएवढी जाड फांदी निवडून पानांच्या झुबक्याखाली साल दोन सेंटिमीटर गोलाकार काढावी. आतला चिकट थर खरवडून टाकावा, नाहीतर साल पुन्हा जुळते. त्यावर ओले शेवाळ किंवा नारळाचा भुसा बांधून प्लास्टिकने घट्ट गुंडाळावे. चार ते सहा आठवड्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळे दिसतात. मग खालून कापून कुंडीत लावावे आणि दोन-तीन आठवडे सावलीत ठेवावे. या सगळ्या काळात फांदी आईच्या झाडावरच असते, त्यामुळे मुळे फुटली नाहीत तरी झाड जात नाही.

काडी लावायची तर १०-१५ सेंटिमीटरचा शेंडा घ्यावा. खालची पाने काढावीत, वरची सैल बांधावीत, म्हणजे पाणी कमी उडते. कापल्यावर पांढरा चीक येतो. काडी पाण्यात बुडवून तो थांबू द्यावा. वाळू आणि शेणखताच्या मिश्रणात लावून वर अर्धी कापलेली बाटली पालथी घातली की झाले. चीक अंगावर उडाला तर खाज येते, डोळ्यात गेला तर जास्त त्रास होतो. कापल्यावर हात धुवावेत आणि मुलांच्या हाती हे काम देऊ नये.

क्रोटनशिवाय आणखी काय जपावे?

कॅलेडियम, म्हणजे रंगीत पानाचा शोभेचा अळू. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पांढरे पान आणि हिरव्या शिरांचा ‘कॅन्डिडम’ हा वाण फ्रान्समध्ये अल्फ्रेड ब्ल्यू यांनी १८६८ च्या सुमारास तयार केला, तो आजही बाजारात आहे. आपल्या हवामानात हे सर्वांत कमी कष्टाचे झाड, कारण उन्हाळा ते कंदात झोपून काढते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाने पिवळी पडली की पाणी बंद करावे. कंद कोरड्या वाळूत घालून घरात ठेवावेत आणि मृगाच्या सुमारास लावावेत. हिवाळ्यात पाणी देत राहिले की कंद सडतो. इथे एक सावधगिरी हवी. बंगाली घरात कचू शिजतो, मराठी घरात अळूचे फतफते होते, आणि कॅलेडियम त्याच कुळातला. पण तो खाण्याचा नाही. अळूची खाज ज्या सूक्ष्म स्फटिकांमुळे येते तेच यात असतात. खाण्याच्या अळूच्या वाफ्यात तो लावूच नये.

कोलियस हा पानओव्याचा भाऊबंद. जुना वाण असेल तर एप्रिलमध्येच दोन-चार शेंडे पाण्याच्या बाटलीत घालून घरात ठेवावेत, आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात. बाहेरचे झाड मे महिन्यात गेले तरी वाण राहतो. तुरा आला की खुडावा. कर्दळ तर आपल्या मोरीजवळची जुनी रहिवासी. तांबड्या पानाची आणि पिवळ्या पट्ट्यांची अशा दोन्ही जाती जपण्याजोग्या आहेत. पट्ट्यांच्या कर्दळीचे एक परदेशी नाव ‘बंगाल टायगर’ आहे, तिकडे तिच्या खऱ्या नावावरून अजून वाद चालतो. जूनमध्ये कंद फोडून वाटून द्यावेत.

जंगलालगत काय लावू नये?

चपराळा अभयारण्य याच भागात आहे आणि बऱ्याच गावांची हद्द जंगलाला टेकलेली आहे. म्हणून हा प्रश्न इथे पुण्या-मुंबईपेक्षा महत्त्वाचा. आज जंगलभर पसरलेली घाणेरी, जिला विदर्भात रायमुनिया म्हणतात, ती १९व्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झाड म्हणूनच कोलकात्याच्या उद्यानात आली. पक्ष्यांनी फळे खाल्ली आणि बी रानात गेले. तळी भरून टाकणारी जलपर्णीही फुलांसाठीच आणली गेली होती. क्रोटन आपल्याकडे बियांनी असा पसरत नाही, कॅलेडियमही अंगण सोडत नाही. पण जमिनीवर सरपटत मुळे धरणारे वेडेलिया, सिंगोनियम, मनी प्लांट यांच्या छाटलेल्या फांद्या नाल्यात किंवा जंगलाच्या कडेला टाकू नयेत. एका पेरातूनही ते पुन्हा उभे राहतात. उन्हात पूर्ण वाळवूनच टाकावेत.

सुरुवात कुठून करता येईल?

शाळेच्या आवारापासून. जुन्या शाळांच्या फाटकाशी आणि ग्रामपंचायतीसमोर बहुधा सर्वांत जुनी झाडे असतात. गावातल्या वेगवेगळ्या पानांच्या दहा-बारा काड्या एकत्र लावून प्रत्येकीला ‘अमक्या टोल्याच्या कुंपणावरची’ अशी चिठ्ठी लावली तरी पुष्कळ झाले. शास्त्रीय नाव नंतर लावता येते, पण झाड आले कुठून, हे विसरले की परत मिळत नाही. बचत गटांना यात छोटी रोपवाटिकाही दिसू शकेल. मातृवृक्ष फुकट असतो, भांडवल म्हणजे पिशव्या, माती आणि पावसाळ्यातले दोन महिने. कलमाच्या तंत्राबद्दल गडचिरोलीजवळ सोनापूर येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारता येते.

घराचे काम काढायचे ठरले असेल तर मात्र तारखा पाहाव्या लागतात. बांधकाम बहुतेक दिवाळीनंतर सुरू होते आणि तेव्हा थंडीत गुटीला मुळे धरायला वेळ लागतो. त्यामुळे कुंपणावरच्या जुन्या झाडाच्या गुट्या त्याआधीच्या जुलैमध्ये बांधाव्यात, म्हणजे पाया खणेपर्यंत रोपे कुंडीत तयार असतात. दोन घरी ठेवायला निदान दोन हव्यात.